एकेचाळिसाव्या पलटणीचे डोळे

अकरा वर्षं एकेचाळिसावी पलटण आंधळी उभी होती. तीनशे बारा माणसं, नऊ खेचरं, एक घोडा, दोन तोफा आणि साहेबाचा एक कुत्रा, पण डोळा म्हणून कुणाला नाही. बंदुका रोखलेल्या, बिगूलवाल्याचे गाल फुगलेले, निशाण वाऱ्यावर. आणि चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही अंगांना नुसता सपाट रंग. अशा अवस्थेत या पलटणीने अरबस्तानचा किनारा घेतला, हबसाणाचे, म्हणजे अबिसिनियाचे, डोंगर ओलांडले, मेसोपोटेमियाच्या चिखलात दोन हिवाळे काढले आणि एकोणीसशे बावीस साली सरकारने तिला मोडीत काढलं तेव्हा मुकाट्याने निशाण खाली ठेवलं. हे सगळं नाहूरच्या सातेरी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय अकराच्या आतल्या खोलीत.

पलटण जयवंतराव परबांची. जयवंतराव मूळचे कणकवलीकडचे. त्यांचं आयुष्य दोन खात्यांत गेलं. संपापर्यंत नऊ वर्षं लालबागच्या एका गिरणीत रंगखातं, आणि संपानंतर साकीनाक्याच्या एका गाळ्यात ओतकाम, म्हणजे नळाच्या चाव्या आणि बॅगांची बक्कलं. पहिल्या खात्याने नजरेला रंग शिकवला, दुसऱ्याने हाताला साचा. निवृत्तीनंतर अशा माणसाने खरं तर बाल्कनीत ओवा लावायचा. पण मुलुंडच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं: एकेचाळिसाव्या मुंबई पायदळ पलटणीचा इतिहास, तिच्याच कुणा गोऱ्या साहेबाने लिहिलेला. पलटणीत निम्मे शिपाई रत्नागिरी-सावंतवाडीकडचे होते, एवढं तिसऱ्या पानावर वाचलं आणि जयवंतरावांनी पुस्तक तिथेच काखेत मारलं.

मग रोज एक पान, शेजारी डिक्शनरी. चौथं प्रकरण वाळवीने असं साफ केलं होतं की पुस्तकाच्या मधोमध बोगदा दिसायचा. तिथला इतिहास जयवंतरावांनी स्वतःच्या हिमतीवर भरून काढला. वाळवीला जेवढं कळलं असेल तेवढं आपल्यालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिपाई ओतायला शिसं आलं धर्मा तांडेलकडून. धर्मा वेसाव्याचा कोळी, जयवंतरावांच्याच वयाचा. जाळं बुडावं म्हणून त्याला खालून शिशाचे मणी लावतात. ते ओतायला धर्मा पूर्वी साकीनाक्यावर भंगार शोधत यायचा, तिथली ही दोस्ती. जुन्या जाळ्यांचं शिसं त्याने पोत्याने आणून दिलं. पण कोळी माणूस फुकट काही देत नाही. त्याने इतिहासात वाटा मागितला. पलटण अरबस्तानच्या किनाऱ्याला उतरली तेव्हा होड्यांतून साहेबाला उचलून कोरड्यावर कोणी नेलं, असं त्याने विचारलं. पुस्तकात नव्हतं. मग ते वाळवीच्या प्रकरणात असणार, असा दोघांनी निकाल लावला. तेव्हापासून टेबलावरच्या दुसऱ्या देखाव्यात, गुडघाभर पाण्यात, लाल टोपी आणि लंगोट घातलेला एक कोळी पलटणीच्या कमांडरला खांद्यावर घेऊन उभा आहे. कमांडरच्या हातात तलवार, पायांत कोरडे बूट.

रंगाच्या बाबतीत मात्र जयवंतराव कुणाचं ऐकणारे नव्हते. पलटणीची कॉलर पोपटी होती, एवढंच पुस्तकात लिहिलेलं. आता पोपटी म्हणजे पोपटाचा कुठला भाग? पाठ निराळी, पोट निराळं, मान तर दिवसातून तीनदा बदलते. त्यांनी भांडुपच्या एका बागेत आठ दिवस दुर्बीण घेऊन पोपटांवर पाळत ठेवली. नवव्या दिवशी बागेसमोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी पोलिसात तक्रार दिली. चौकीत नेल्यावर त्यांनी हवालदाराला एका इंचाच्या पत्र्यावर पोपटाच्या मानेचे सतरा हिरवे काढून दाखवले. हवालदाराने अकरावा निवडला. तोच कॉलरीला लागला, आणि हवालदाराने नंतर घराला आतून तोच दिला असंही म्हणतात.

एवढं जमणाऱ्या माणसाला डोळे का जमू नयेत? पण जमत नव्हते. शिपाई करंगळीएवढा, त्याचा डोळा मोहरीच्या अर्ध्याएवढा. सुरुवातीला चार शिपायांना त्यांनी डोळे काढून पाहिले. चौघेही लाइट गेल्यावर दचकलेल्या माणसांसारखे दिसायला लागले. ते चौघे पुसले. डोळे शेवटी, असं त्यांनी मग जाहीर केलं. गावाला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या पडवीत, डोळे शेवटीच काढतात ना? त्या शेवटाची वाट पाहण्यात अकरा वर्षं गेली आणि मध्ये त्यांच्याच डोळ्यात मोतीबिंदू आला.

शेवट आणला रत्नप्रभाबाईंनी. मुलगी रुचिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती नाशिकला एका लॅबमध्ये काम करते, आणि तिने फोनवर आईला स्वच्छ सांगितलं की तान्ह्या बाळाच्या घरात शिसं चालणार नाही, मग ते लढाईतलं असो नाहीतर जाळ्यातलं. रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याच्या पानात भात वाढता वाढता निरोप पोचवला.

"पोरगी नारळी पौर्णिमेक येतली. तवसर एक शिपाय माका खोलयेत दिसाक नाय होयो."

जयवंतरावांनी विचारलं की मग पलटणीने जायचं कुठे. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आली तिथे. धर्माची कढई आहेच.

धर्मालाही ते पटलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, नव्या जाळ्याला शिसं लागतंच. दोस्त म्हणून त्याला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटता वाटता तो एकेक शिपाई तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज काढत होता. "जयवंता, यो घोड्यावरचा साहेब पाव किलो भरंल," असं त्याने एकदा मायेने सांगितलं. त्यानंतर दोन दिवस जयवंतराव त्याच्याशी बोलले नाहीत.

पलटण वाचवायला एकच वाट होती. एकेचाळिसावी मोडली तेव्हा तिचं निशाण दुसऱ्या एका पलटणीकडे गेलं. ती आजही आहे, घाटापलीकडच्या एका छावणीत, आणि तिथल्या म्युझियममध्ये या मोडलेल्या पलटणीसाठी नवा हॉल बांधून दोन वर्षं रिकामा पडलाय. कारण एकेचाळिसावीची आठवण म्हणून त्यांच्यापाशी एक चेपलेला बिगूल आणि एक कॉलर, एवढंच. जयवंतरावांनी तिकडे पत्र टाकलं. पत्र फिरत फिरत मुलुंडलाच आलं, कर्नल सुबोध गुप्ते यांच्याकडे. कर्नलसाहेब निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, म्युझियमच्या समितीवर. त्यांनी चार ओळींचं उत्तर दिलं: पौर्णिमेआधीच्या रविवारी दहा वाजता येतो, इतिहासाला धरून असेल तर हॉल तुमचा, नसेल तर चहा घेऊन जाईन.

हातात नऊ दिवस होते आणि पलटण आंधळी.

जयवंतराव भांडुपच्या गणपतीच्या कारखान्यात सुलक्षणाकडे गेले. सुलक्षणा पस्तिशीची, आखणीवाली, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारी. कारखान्यात वीस माणसं राबत, पण डोळ्याला हात फक्त तिचा. सीझन ऐन भरात होता. ताडपत्रीखाली चारशे गणपती डोळ्यांची वाट बघत बसलेले, आणि हे काका तीनशे बारा शिपायांची यादी घेऊन दारात. तिने वर न बघताच नाही म्हटलं. मग जयवंतरावांनी तिच्या पितांबराच्या पिवळ्याकडे बघून नुसतं चुकचुक केलं. कारागिराला शिवी दिलेली चालते, चुकचुक चालत नाही. काय वाईट आहे, असं तिने विचारल्यावर त्यांनी तिच्याच वाटीत तीन थेंब कसले तरी टाकून असा पिवळा करून दिला की कारखान्यातल्या बाकीच्या पितांबरांना हळद लागल्यासारखं दिसू लागलं. सौदा ठरला. चारशे गणपतींना पुरेल एवढा पिवळा, आणि बदल्यात दोन दुपारी.

सुलक्षणा आली ती एका केसाचा ब्रश कानामागे खोचून. तिची एकच अट होती. डोळे उघडताना समोर कुणी उभं राहायचं नाही. कारखान्यात तसंच असतं. पहिली नजर कुणावर पडावी हे माणसाने ठरवायचं नसतं. जयवंतरावही त्याच संस्कारातले. त्यांनी मान डोलावली, दार ओढून घेतलं आणि दोन दुपारी बाहेर सोफ्यावर, बायकोचं बाळंतपण असल्यासारखे फेऱ्या घालत राहिले. आतून मधूनमधून गुणगुण ऐकू यायची. आरतीची चाल होती ती. त्यांच्या मनाला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दुपारी चार वाजता सुलक्षणा बाहेर आली, हात धुतले, कोकम सरबत प्याली आणि म्हणाली, कुत्र्यालाही काढलेत, बिचारा राहिला असता.

जयवंतरावांनी दार उघडलं.

तीनशे बारा माणसं, नऊ खेचरं, एक घोडा आणि एक कुत्रा त्यांच्याकडे बघत होते. नुसते बघत नव्हते. प्रेमाने बघत होते. लांबट, अर्धवट मिटलेल्या पापण्यांचे, काठाला किंचित ओले वाटणारे, भक्ताची सगळी पापं पोटात घालणारे डोळे. संगीन खुपसणारा शिपाई करुणेने बघत होता. ज्याला खुपसली तो अरबही, काही हरकत नाही, अशा नजरेने. पटकीच्या छावणीतले रोगी एकवीस मोदक खाऊन आडवे झाल्यासारखे तृप्त. घोड्यावरचा साहेब तर इतका प्रसन्न की त्याने तलवार उगारली होती ती आशीर्वादालाच, असं वाटावं. आणि खेचरं. दारूगोळा लादलेली हबसाणातली खेचरं अशा दयेने बघत होती की जयवंतरावांना क्षणभर आपलंच पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

ते डावीकडे सरकले. पलटणीने डावीकडे पाहिलं. उजवीकडे आले. पलटण उजवीकडे. खाली वाकून टेबलाच्या कडेवरून हळूच डोकावले तर मेसोपोटेमियाच्या खंदकातून चाळीस जण त्यांची वाटच बघत होते.

चूक कुठे झाली ते त्यांच्या लक्षात आलं. गणपतीचा डोळा असाच काढतात. देव्हाऱ्यासमोर कुठेही बसा, देव तुमच्याकडेच बघतो. सुलक्षणाचा हात गेले दोन महिने तोच डोळा काढत होता. दुसरा डोळा त्या हाताला ठाऊकच नव्हता. त्यांनी चाचरत म्हटलं की पोरी, यांनी शत्रूकडे बघायला हवं होतं गं.

"काका, डोळे बघायला येणाऱ्यासाठी असतात," सुलक्षणा म्हणाली. "शत्रू काय तिकीट काढून येणार आहे?"

एवढं बोलून ती चारशे गणपतींकडे परत गेली.

जयवंतरावांनी स्वतः दुरुस्ती करून पाहिली. भिंग लावलं, श्वास रोखला, आणि तटावर चढणाऱ्या एका हवालदाराचं बुबुळ शत्रूच्या दिशेने सरकवलं. हवालदार चकणा झाला. एक डोळा तटाकडे, दुसरा स्वयंपाकघराकडे. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

तोवर रत्नप्रभाबाई मागून आल्या होत्या. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, पलटणीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग त्या आत जाऊन हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. ज्या शिपायांवर त्यांनी अकरा वर्षं फडक्यानेसुद्धा मेहेरबानी केली नव्हती, त्यांच्या टेबलाला त्यांनी कुंकू लावलं.

संध्याकाळी धर्मा पोतं घेऊन आला, म्हणजे नुसतं बघायला, असं त्याने सांगितलं. त्याने साहेबाला उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग पोत्याची घडी घालून ते काखेत धरत म्हणाला, "जयवंता, डोलं उघरलं यांचं. आता मी यांना कढईत नाय घालनार. तू दुसरा कोन बघ."

म्हणजे आणखी पंचाईत. काल निदान कढई होती. आता पलटण वितळवता येत नव्हती, घरात ठेवता येत नव्हती, आणि कर्नलने नाही म्हटलं तर राहिलं एकच, जे डोळे उघडलेल्या मूर्तीचं करतात तेच. रत्नप्रभाबाईंनी ते बोलूनही दाखवलं. पवईच्या तलावात, दीड दिवसात. पस्तीस किलो शिसं, पोपटी कॉलर आणि अकरा वर्षं तळाला जाताना कशी दिसतील, हे जयवंतरावांना आठवडाभर डोळे मिटले की दिसत होतं, आणि डोळे उघडले की पलटण दिसत होती, तीही त्यांच्याकडेच बघत.

रविवारी साडेनऊलाच धर्मा आला. रत्नप्रभाबाईंनी पलटणीपुढे नारळ आणि विडा मांडला आणि नवऱ्याला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गावी कुठलंही मोठं काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. आणि एवढे डोळे आपल्याकडे बघत असताना कान नसतील कसे? जयवंतरावांनी धोतराऐवजी पँटचा काठ सावरला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, एकेचाळिसाव्या पलटणीच्या सुभेदारा, हवालदारा, शिपायांनू. आज तुमका बगूक मोठो साहेब येवचो आसा. माज्या हातसून काय चूक झाली आसात ती पदरात घे. सायबाची मती बरी ठेव, आणि ह्या तुज्या लेकरांची रवाची सोय त्येच्या पक्क्या हॉलात कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. धर्मा कोळी असूनही म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली.

कर्नल गुप्ते उंच, ताठ, आणि गुडघ्याने अधू. काठी टेकत आले, खोलीच्या दारात खुर्ची मागून घेतली, चष्म्यावर भिंग लावलं आणि कामाला लागले. एकदम सगळ्यांकडे बघायची त्यांची पद्धत नव्हती. ते पायापासून वर जाणारे. बूट बरोबर. पट्टे बरोबर. अठराशे अडुसष्टची काडतुसाची पेटी उजव्या कमरेला, बरोबर. मग त्यांनी पाकिटातून कागदात गुंडाळलेलं कापडाचं एक सूत काढलं, म्युझियममधल्या त्या एकमेव कॉलरीचं, आणि एका नाईकाच्या गळ्यापाशी धरलं. सूत गळ्यावर दिसेनासं झालं. कर्नलसाहेबांनी ते बोटाने चाचपून शोधलं. जयवंतरावांनी भांडुपच्या पोपटांचे मनोमन आभार मानले.

दुसऱ्या देखाव्यापाशी काठी थांबली. कोळ्याच्या खांद्यावर बसलेला कमांडर. हे कुठे लिहिलंय, असं कर्नलसाहेबांनी विचारलं.

चौथ्या प्रकरणात, असं जयवंतरावांनी सांगितलं. ते वाळवीने खाल्लंय.

कर्नल म्हणाले की वाळवीने खाल्लेलं तुम्ही वाचलंत कसं. तेव्हा कोपऱ्यातला धर्मा बोलला.

"साहेब, पान्यात उतरून दुसऱ्याचं बूट सुकं ठेवनारा मानूस कुठल्या पुस्तकात सापरलाय तुमाला?"

कर्नलसाहेबांनी भिंग काढून धर्माकडे पाहिलं. मग बिहारच्या पुरात आपल्याला एका नावाड्याने कसं पाठीवर घेतलं होतं आणि त्याचं नाव विचारायचं कसं राहून गेलं, असं काहीतरी ते पुटपुटले आणि पुढे सरकले. पण पुढे सरकताना भिंग डोळ्यावर नव्हतं. त्यामुळे पलटण त्यांना पहिल्यांदाच सबंध दिसली.

ते थांबले. काठी डावीकडे टेकून डावीकडे गेले. परत आले. खुर्चीत बसले, पुन्हा उठले.

"परब, हे सगळे माझ्याकडे का बघतायत? शत्रू तिकडे आहे."

हीच ती घडी. जयवंतरावांच्या पुढ्यात खरं सांगायची वाट मोकळी होती. भांडुप, सुलक्षणा, सीझन, सगळं. रत्नप्रभाबाई दारातून बघत होत्या, धर्मा कोपऱ्यातून, आणि तीनशे बारा माणसं टेबलावरून.

"मघापर्यंत तिकडेच बघत होते, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही आत आलात ना."

कर्नल गुप्त्यांनी जयवंतरावांच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं की खोटं बोलायची सवय नसलेला माणूस विरघळला असता. जयवंतरावांनी अकरा वर्षं वाळवीचा इतिहास लिहिला होता. ते विरघळले नाहीत. मग कर्नलसाहेबांनी खुर्ची पायाने बाजूला सारली. शर्टाचं वरचं बटण लावलं. काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि ज्या गुडघ्याला त्यांनी तीन मजले चढताना शिव्या दिल्या होत्या तो गुडघा सरळ करून ते टेबलाच्या कडेकडेने, एकेका माणसापुढे थांबत चालू लागले. रांगेतल्या प्रत्येकाने त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येकाने माफ केल्यासारखं पाहिलं. खेचरांपुढे ते जरा जास्त रेंगाळले.

तटापाशी त्यांनी बोट दाखवलं. हा हवालदार दुसरीकडे बघतोय.

"तो माझ्या हातून झाला, साहेब," जयवंतरावांनी कबूल केलं.

"असू दे. परेडमध्ये एक तरी असतोच."

दीड तास लागला. चहाचे दोन कप गार झाले. शेवटी ते दाराशी पोचले आणि कोरड्या आवाजात म्हणाले की इतिहासाला धरून म्हणाल तर हे धरून नाही. लढताना असं कुणी बघत नाही; समितीतली माणसं पहिल्यांदा हेच विचारतील. जयवंतरावांची मान खाली गेली. रत्नप्रभाबाईंच्या डोळ्यांपुढे पवईचा तलाव आला. कर्नलसाहेब नमस्कार करून वळायला गेले, आणि वळता येईना. पाठ फिरवायची म्हणून त्यांनी खांदा वळवला, पुन्हा सरळ केला. एवढ्या माणसांना उभं ठेवून जायचं कसं, ते त्यांच्या पायांना कळेना.

"मी कमांड सोडली त्या दिवशी," ते हळूच म्हणाले, "शेवटच्या परेडला सातशे माणसं समोर उभी होती. मला वर बघवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं असेल, ते मला कधी कळलंच नाही."

ते पुन्हा पलटणीकडे वळले.

"मंगळवारी ट्रक येईल," ते म्हणाले.

समितीला काय सांगणार, असं जयवंतरावांच्या तोंडून निघून गेलं. रत्नप्रभाबाईंनी त्यांना मागून चिमटा काढला.

"काही नाही सांगणार. एकेकाला दारात उभा करीन." एवढं म्हणून कर्नल गुप्ते खोलीतून बाहेर पडले, ते उलट्या पावलांनी. काठी त्यांना जिन्यात नेऊन द्यावी लागली.

मंगळवारी सहा जवान आणि एक सुभेदार ट्रक घेऊन आले. त्यांच्याजवळ फोम, खोकी, टेप, सगळी तयारी होती. पण रत्नप्रभाबाईंनी दारातच अडवलं. डोळे उघडलेली मूर्ती प्रवासाला निघते ती चेहरा झाकून. सुभेदार साताऱ्याकडचा होता, त्याला ते लगेच कळलं. मग सातेरी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, हिंदुस्थानच्या पायदळाचे सहा जवान मांडी घालून बसले आणि रत्नप्रभाबाईंच्या जुन्या सुती साडीचे तीनशे तेवीस तुकडे कातरून करंगळीएवढ्या तोंडांवर बांधत राहिले. एकाने खेचराला गाठ सैल बांधली तर बाईंनी ती सोडवून परत बांधायला लावली. सुभेदाराने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खाली ट्रकपाशी सोसायटीतले लोक जमले होते. काय चाललंय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण तोंड झाकलेलं काहीतरी खोक्यांतून जातंय म्हटल्यावर दोघातिघांनी चपला काढल्या.

जयवंतराव ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले, मग वर येऊन खोलीची फरशी फिनेलने तीनदा पुसली. रुचिरा पौर्णिमेला आली. तिने लॅबमधून आणलेल्या कसल्याशा कागदाने चारही भिंती तपासल्या आणि बापाला पास केलं. त्या दिवशी धर्माने नारळी भाताबरोबर एक बोंबिलाची जुडी आणि बातमी आणली की नव्या जाळ्यासाठी त्याने शिसं विकत घेतलं, आणि ओतताना प्रत्येक मण्याला उलटंपालटं करून बघितलं, कुठे डोळा तर नाही ना.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी कर्नलसाहेबांचं पत्र आलं. हॉल उघडला. समितीत एकाचाही आक्षेप नाही. दोन सभासदांनी तर दारातूनच कुठल्या तरी जुन्या भांडणाची एकमेकांकडे माफी मागितली. नवे रंगरूट सकाळी हॉलसमोरून जाताना न सांगता बटणं तपासतात, आणि आत गेलेला प्रत्येक जण उलटा चालत बाहेर येतो, त्यामुळे उंबऱ्याला अडखळून आजवर चौघे पडले, म्हणून उंबरा काढून टाकलाय. पत्राच्या खाली, शाईचं पेन बदलून, कर्नलसाहेबांनी एक विनंती लिहिली होती. म्युझियममध्ये जुन्या कमांडरांची चौदा तैलचित्रं आहेत, आणि सगळे साहेब शंभर वर्षं लोकांच्या डोक्यावरून पलीकडे बघतायत. ज्यांनी हे डोळे काढले त्यांना जमेल का?

म्हणजे बाकीचे डोळे जयवंतरावांच्या हातचे नाहीत, हे कर्नलसाहेबांना त्या चकण्या हवालदारापाशीच कळलं होतं. जयवंतराव पत्र घेऊन तसेच भांडुपला गेले. सुलक्षणा शेवटच्या अकरा गणपतींत होती, दोन्ही कानांमागे ब्रश, नाकावर पिवळा. पत्र त्यांनी वाचून दाखवलं. तिने हातातला डोळा पुरा केला, मागे सरून पाहिला, आणि मग उत्तर दिलं.

"अनंत चतुर्दशी होऊ दे, काका. तोवर चित्रांतल्या साहेबांना म्हणावं, बघा डोक्यावरूनच."